अंतराळातली नाडीपरीक्षा

५ जून १९६६. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या जेमिनी-९ए यानाच्या बाहेर यूजीन सर्नन नावाचा बत्तीस वर्षांचा वैमानिक घामानं निथळत होता. काम कागदावर सोपं होतं. यानाच्या पाठीमागच्या भागात जायचं, तिथं घडी घालून ठेवलेलं रॉकेटचं दप्तर पाठीला लावायचं आणि त्याच्या जोरावर यानापासून दूर तरंगायचं. त्या दप्तराच्या नळ्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइडचे तापलेले झोत सुटणार होते. ते पायांवर आले तर पोशाख जळू नये म्हणून सर्ननच्या पोशाखाच्या पायांवर पोलादी धाग्यांनी विणलेलं कापड चढवलं होतं. एवढा विचार झाला होता. पण यानाच्या अंगाला धरायला पुरेशा मुठी नव्हत्या आणि पाय रोवायला जागा नव्हती. एखादा स्क्रू फिरवायला जावं तर सर्ननच उलटा फिरायचा. हवेनं फुगून ताठर झालेला पोशाख प्रत्येक हालचालीला विरोध करी. हळूहळू हेल्मेटच्या काचेवर आतून दव साचलं आणि त्याला दिसेनासं झालं. शेवटी नाकाचा शेंडा काचेवर घासून त्यानं बघण्यापुरतं एक भोक केलं.

ह्यूस्टनमध्ये बसलेल्या डॉक्टरांना हे धुकं दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता एक आकडा. सर्ननची नाडी मिनिटाला १८० च्या घरात गेली होती. नासाचे मुख्य उड्डाण-वैद्य चार्ल्स बेरी यांच्यासमोर हृदयाचा आलेख उमटत होता, श्वासांची गती उमटत होती. आणि या सगळ्याचं करायचं काय, याचं उत्तर त्या खोलीत कुणाकडेच नव्हतं. तिथून पोशाख थंड करता येत नव्हता. हाती उपाय एकच, माणसाला परत बोलावणं. यानात बसलेल्या टॉम स्टॅफर्डनं दप्तराचा बेत रद्द केला आणि दोन तासांहून थोड्या अधिक वेळानंतर सर्नन कसाबसा आत शिरला. त्या उड्डाणात त्याचं वजन पाच-सहा किलोंनी उतरलं. ते बहुतेक सगळं पाणीच होतं.

अंतराळवीराच्या अंगावरच्या कपड्यांचा इतिहास मला या प्रसंगापासून सांगावासा वाटतो. त्यात दोन धागे आहेत आणि ते फार काळ एकमेकांना भेटलेच नाहीत. एक धागा मोजण्याचा आणि दुसरा सावरण्याचा. आज 'स्मार्ट कापड' असं ज्याला म्हणतात, त्याचं स्वप्न हे दोन्ही धागे एकाच विणीत आणण्याचं आहे. सर्ननच्या अंगावर पहिला धागा पक्का होता, दुसरा जवळजवळ नव्हताच.

मोजण्याचा धागा जुना, आणि त्याची सुरुवात माणसापासून झाली नाही. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून गेलेल्या लायका या कुत्रीच्या अंगावर नाडी, श्वास आणि रक्तदाब टिपणारी यंत्रणा होती. रक्तदाब नीट मिळावा म्हणून शस्त्रक्रिया करून तिच्या मानेतली रोहिणी कातडीच्या वळीत बाहेरच्या बाजूला आणून ठेवली होती. उड्डाणाच्या वेळी तिची नाडी नेहमीच्या १०३ वरून २४० वर गेली. हे सगळं सोव्हिएत शास्त्रज्ञांना पृथ्वीवर व्यवस्थित कळत होतं. यान तापत गेलं आणि काही तासांत लायका उष्म्यानं मेली, तेही कळलं. जगाला मात्र ते २००२ साली कळलं. तोवर ती बरेच दिवस जगली अशीच समजूत होती. आकडा कुणाच्या हाती आहे आणि तो कुणाला सांगितला जातो, हा प्रश्न या विषयाला असा पहिल्याच उड्डाणापासून चिकटलेला आहे.

अमेरिकेच्या मर्क्युरी कार्यक्रमात डॉक्टरांची चिंता टोकाची होती. वजनविरहित अवस्थेत माणसाला गिळता येईल का, डोळे जागेवर राहतील का, असल्या शंका गंभीरपणे चर्चिल्या जात. त्यामुळे अंतराळवीराच्या छातीवर इसीजीचे इलेक्ट्रोड, श्वास मोजायला तोंडाजवळ तापमापक, आणि शरीराचं आतलं तापमान कळावं म्हणून गुदद्वारात आणखी एक तापमापक, असा सरंजाम असे. मर्क्युरीचे सातही अंतराळवीर लढाऊ विमानांचे चाचणी-वैमानिक होते. डॉक्टर म्हणजे आपलं उडणं बंद करू शकणारा माणूस, अशीच त्या जमातीची समजूत असते. त्यांनी हे सगळं सहन केलं, आवडीनं नव्हे. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड पहिला अमेरिकन म्हणून निघाला, तेव्हा उड्डाण लांबत गेलं आणि चार तास कॅप्सूलमध्ये बांधून पडलेल्या शेपर्डला लघवी लागली. पंधरा मिनिटांच्या प्रवासाला त्याची सोय कोण करणार? अखेर अंगावरच्या सेन्सरांची वीज काही वेळ बंद करून त्याला पोशाखातच मोकळं व्हावं लागलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची काळजी वाहणाऱ्या पोशाखात ही एवढी साधी गोष्ट राहून गेली होती. डॉक्टरांच्या नजरेतला माणूस आणि पोशाखातला माणूस यांतला फरक त्या दिवशी कळला असावा.

सावरण्याचा धागा इंग्लंडात सापडला. फार्नबरो इथल्या संशोधन केंद्रांत १९६० च्या आसपास प्रश्न अंतराळाचा नव्हताच. उन्हात उभ्या विमानाच्या काचबंद कॉकपिटमध्ये वैमानिक शिजून निघत, हा तो प्रश्न. रॉयल एअर फोर्सचे डॉक्टर जॉन बिलिंगहॅम यांनी कल्पना मांडली की हवेऐवजी पाण्यानं अंग थंड करावं. बर्टन आणि कॉलियर या दोघांनी १९६२ च्या सुमारास तसा कपडा करून दाखवला. लांब सुती अंतर्वस्त्रात चाळीसेक बारीक प्लास्टिकच्या नळ्या ओवल्या आणि त्यांतून थंड पाणी फिरवलं. हवा विरळ असली की उष्णता फारशी उचलत नाही. स्पेससूटमधला दाब वातावरणाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो, म्हणजे तिथली हवा विरळच. मग शरीराला घाम गाळण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि तो घाम सर्ननच्या काचेवर जमतो. पाण्याचं तसं नाही. कातडीला टेकलेल्या नळीतून कोमट-गार पाणी गेलं की घाम यायच्या आतच उष्णता निघून जाते. बिलिंगहॅम १९६३ साली नासात दाखल झाले. (हेच बिलिंगहॅम पुढे परग्रहांवरचे संदेश शोधण्याच्या नासाच्या मोहिमेचे प्रमुख झाले. अंतर्वस्त्रापासून परग्रहवासीयांपर्यंतचा हा प्रवास माझ्या माहितीत तरी दुसऱ्या कुणी केलेला नाही.)

सर्नन उडाला तेव्हा ही कल्पना नासाच्या घरात होती, पण ती चंद्रावरच्या पोशाखासाठी. जेमिनीचा पोशाख हवेवरच थंड व्हायचा. त्या दिवसानंतर मात्र हवेच्या बाजूनं वाद घालणारं कुणी उरलं नाही.

अपोलोचं द्रवशीतल अंतर्वस्त्र दिसायला अगदी गबाळं होतं. नायलॉन-स्पँडेक्सचं जाळीदार, अंगाला घट्ट बसणारं कापड, आणि त्यात हाता-पाया-छाती-पाठीवरून नागमोडी फिरवलेल्या पारदर्शक नळ्या. पाठीवरच्या पेटीतला पंप त्यांतून पाणी फिरवी. तापून परतलेलं पाणी पुन्हा थंड करण्याची युक्ती मला फार आवडते. पेटीत सच्छिद्र धातूची एक पट्टी असते. तिच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला उघडी अंतराळातली पोकळी. छिद्रांतून झिरपलेलं पाणी तिकडे पोचताच गोठतं आणि त्या बर्फाची थेट वाफ होऊन ती उडून जाते, जाताना उष्णता घेऊन जाते. आपल्या माठाचं तत्त्व हेच, फक्त इथं ऊन-वाऱ्याच्या जागी निर्वात पोकळी आहे. पाणी किती गार हवं ते अंतराळवीर एका खटक्यानं ठरवी. खटक्याला तीन जागा होत्या: कमी, मधली, जास्त.

या अंतर्वस्त्रानं पुढं जे केलं ते त्याच्या कर्त्यांनी मुख्य काम म्हणून योजलेलं नव्हतं. पाणी पोशाखात शिरताना किती गार आणि बाहेर पडताना किती गरम, हा फरक ह्यूस्टनला कळत असे. त्यावरून शरीरानं किती उष्णता दिली, म्हणजे माणूस किती कष्ट करतोय, याचा हिशेब बसवता येई. प्राणवायू किती संपला हा दुसरा हिशेब, नाडी हा तिसरा. तिन्ही जुळवून डॉक्टर चंद्रावर चालणाऱ्या माणसाची मेहनत पृथ्वीवरून मोजत होते. थंड करणारं कापडच मोजमापही करू लागलं होतं. दोन धागे पहिल्यांदा एकत्र आले ते इथं, तेही कुणी गाजावाजा न करता.

त्या मोजमापाची कसोटी ६ फेब्रुवारी १९७१ रोजी लागली. अपोलो-१४ चे शेपर्ड आणि एडगर मिचेल कोन नावाच्या विवराच्या काठाकडे चढत होते. हा तोच शेपर्ड, आता ४७ वर्षांचा. कानाच्या दुखण्यामुळे काही वर्षं उड्डाणबंदी भोगून आणि शस्त्रक्रिया करून तो परतला होता. सोबत अवजारांची दुचाकी गाडी होती. ती चढावर धुळीत रुतायची, मग दोघं मिळून उचलून न्यायचे. चंद्रावर सावल्या आणि अंतरं फसवतात, ओळखीची खूण नसते. एक टेकाड चढून जावं तर पुढं आणखी एक. शेपर्डची नाडी १५० वर गेली. ह्यूस्टननं दोघांना थांबून दम घ्यायला लावलं, वेळ वाढवून दिला, आणि शेवटी परत फिरायला सांगितलं. मिचेल चांगलाच चिडला. विवराच्या काठापाशी जाऊन आत डोकावणं हा त्या सगळ्या पायपिटीचा हेतू होता. पुढं चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं काढलेल्या छायाचित्रांवरून समजलं की ते काठापासून तीसएक मीटरवरून मागं फिरले होते.

ह्यूस्टनचं चुकलं असं मला वाटत नाही. पोशाखातला प्राणवायू आणि पाणी मोजकं होतं आणि परतीची वाट तेवढीच होती. पण नाडी १५० म्हणजे माणूस धोक्यात आहे की डोंगर चढतोय, हे कापड सांगू शकत नव्हतं. ते ठरवणारी माणसं पावणेचार लाख किलोमीटरांवर होती.

सहा महिन्यांनी अपोलो-१५ च्या वेळी याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली, आणि ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. जेम्स अर्विन आणि डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर तीन दिवसांत तीन लांबलचक फेऱ्या केल्या. अर्विनच्या हेल्मेटमधली पाण्याची पिशवी चालली नाही, त्यामुळे तासन् तास घोटभर पाण्याविना त्यानं काम केलं. चंद्र सोडल्यावर डॉक्टरांच्या पडद्यावर त्याच्या हृदयाचे ठोके जोडीजोडीनं, चुकल्यासारखे पडताना दिसले. स्कॉटच्याही आलेखात अधूनमधून चुकार ठोके होते. ह्यूस्टननं दोघांना विश्रांती घ्यायला सांगितलं, कारण सांगितलं नाही. अर्विनला स्वतःच्या हृदयाची हकीकत पृथ्वीवर आल्यानंतर समजली. स्कॉटनं पुढं याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आणि ती रास्त होती. ज्याच्या छातीवर इलेक्ट्रोड चिकटवले त्यालाच आलेख दाखवायचा नाही, हे वैद्यकाच्या कुठल्या नियमात बसतं?

डॉक्टरांनी दोष पोटॅशियमच्या कमतरतेला दिला. म्हणून १९७२ च्या एप्रिलमध्ये अपोलो-१६ च्या मंडळींना पोटॅशियम मिसळलेला संत्र्याचा रस भरपूर पाजण्यात आला. त्याचा परिणाम जॉन यंगच्या पोटावर झाला, आणि माइक चालू असल्याचं भान न राहून त्यानं चंद्रावरून या रसाबद्दल जी तक्रार केली ती सगळ्या जगानं ऐकली. अर्विनला १९७३ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. त्याच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासूनच असावा असं मानलं जातं. म्हणजे कापडानं इशारा बरोबर दिला होता, अर्थ लावण्यात गफलत झाली.

याच काळात सोव्हिएत बाजूला मोजण्याची मर्यादा फार क्रूरपणे उघडी पडली. ३० जून १९७१ रोजी सल्यूत स्थानकावरून परतताना सोयूझ-११ मधली एक झडप १६८ किलोमीटर उंचीवर अकाली उघडली. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव या तिघांच्या अंगावर सेन्सर होते, दाब राखणारे पोशाख नव्हते. यानात जागा कमी म्हणून ते गाळले होते. मिनिटभराच्या आत काय घडलं ते नोंदींमधून नंतर शास्त्रज्ञांना तपशीलवार वाचता आलं, एवढंच. त्यानंतर सोयूझमधल्या प्रत्येकाला उड्डाणात आणि परतताना दाबपोशाख सक्तीचा झाला.

पण सोव्हिएत वैद्यकाचा खरा वारसा वेगळा आहे. जून १९७० मध्ये निकोलायेव आणि सेवास्त्यानोव सोयूझ-९ मध्ये अठरा दिवस राहून परतले तेव्हा त्यांना धड उभं राहता येईना. वजनच नसेल तर स्नायू आणि हाडं आपलं काम विसरतात. मॉस्कोच्या जैववैद्यकीय संस्थेनं यावर कापडाचाच उपाय काढला. 'पेंग्विन' नावाच्या त्या पोशाखात खांद्यापासून तळपायापर्यंत रबरी पट्ट्या असतात. त्या शरीराला सतत आखडून धरतात, त्यामुळे सरळ उभं राहायलाही स्नायूंना जोर लावावा लागतो. त्यात ना वीज, ना सेन्सर. दिवसभर अंगात घालून कामं करायची, बस. 'चिबिस' नावाची दुसरी फुगीर विजार कमरेखाली दाब कमी करून रक्त पायांकडे ओढते, म्हणजे परतीच्या आधी हृदयाला गुरुत्वाची सवय होते. पेंग्विनवरूनच पुढं सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी उपचाराचा पोशाख तयार झाला.

राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सल्यूत-७ वर गेले तेव्हा आपण भारतीयांनी 'सारे जहाँ से अच्छा' तेवढं लक्षात ठेवलं. त्यांच्या कामाचा एक भाग याच प्रश्नाशी जोडलेला होता: सोव्हिएत पद्धतीच्या व्यायामाऐवजी योगासनांनी वजनविरहित अवस्थेत स्नायू टिकतात का? जमिनीचा आधार नसताना आसन करायचं म्हणून शरीराला पट्ट्यांनी ताण द्यावा लागला. ही बाब आपल्याकडच्या कौतुकाच्या लेखांत क्वचितच येते.

या सगळ्यात एका माणसाचं नाव मागं पडलं आहे, ते ओहायोतल्या यलो स्प्रिंग्ज इथले डॉक्टर पॉल वेब. अपोलोची माणसं चंद्रावर तीन जागांचा खटका हातानं फिरवत होती, त्याच काळात वेब प्रयोगशाळेत विचारत होते की हे काम माणसानं का करावं? कष्टात गुंतलेल्या माणसाला आपण तापतोय हे उशिरा कळतं. त्यांनी शरीराच्या खुणा वाचून पाण्याचं तापमान आपोआप बदलणारी यंत्रणा करून पाहिली आणि १९७० च्या सुमारास ती चालते हे दाखवलं. मोजणारा आणि सावरणारा धागा एकाच गाठीत, मध्ये माणूस नाही. आज ज्याला स्मार्ट म्हणतो त्याची पूर्ण कल्पना तिथं होती. वेब यांनीच हवेच्या फुग्याऐवजी घट्ट लवचीक कापडानं शरीरावर दाब देणारा स्पेससूटही करून पाहिला. अपोलो संपलं, पैसा आटला, आणि दोन्ही कल्पना अहवालांत राहिल्या. घट्ट पोशाखाची कल्पना पुढं एमआयटीच्या डेव्हा न्यूमन यांनी उचलली. त्याच वाटेवरचा, शरीराला डोक्यापासून पायाकडे दाबत ठेवणारा 'स्किनसूट' २०१५ मध्ये अंतराळवीर अँड्रियास मोगेन्सननं अंतराळ स्थानकावर घालून पाहिला.

मधली तीस-चाळीस वर्षं भरभर सांगून टाकतो, कारण त्यांत मूलभूत असं थोडंच घडलं. शटलच्या काळात अंतर्वस्त्रातल्या नळ्यांची लांबी ९१ मीटरपर्यंत, म्हणजे तीनशे फुटांवर गेली. तीन जागांच्या खटक्याऐवजी हळूहळू फिरणारी कळ आली. बाकी तत्त्व तेच.

१६ जुलै २०१३ रोजी त्या पाण्यानंच एका माणसाचा जीव घ्यायचं बाकी ठेवलं होतं. इटलीचा लुका पार्मितानो स्थानकाबाहेर असताना त्याच्या डोक्यामागं पाणी जमू लागलं. वजनविरहित अवस्थेत पाणी खाली पडत नाही, पृष्ठभागाला चिकटून पसरतं. ते कानांवरून डोळ्यांवर, मग नाकपुड्यांत आलं. सूर्य मावळला, आवाज तुटक येऊ लागला, आणि तो जवळजवळ आंधळेपणानं, स्वतःला बांधलेल्या दोराच्या ओढीचा अंदाज घेत दाराकडे सरकत गेला. दीड लिटरच्या आसपास पाणी त्याच्या हेल्मेटमध्ये निघालं. शीतयंत्रणेतलं पाणी वेगळं करणाऱ्या भागातली भोकं सिलिकाच्या गाळानं तुंबली होती. आठवडाभर आधीही त्याच्या हेल्मेटमध्ये पाणी आढळलं होतं, पण पिण्याची पिशवी गळली असेल म्हणून ते सोडून दिलं गेलं. पोशाखात असंख्य गोष्टी मोजल्या जात होत्या, डोक्याशी पाणी आहे का हे मोजणारं काही नव्हतं. तातडीचा उपाय म्हणून नासानं हेल्मेटच्या मागच्या बाजूला पाणी शोषणारी गादी बसवली आणि तोंडाशी श्वासाची एक नळी दिली. अर्धशतकाच्या तंत्रज्ञानानंतर माणूस वाचवायची भिस्त पुन्हा टिपकापडावर आली, हे मला अजिबात कमीपणाचं वाटत नाही.

मोजण्याच्या बाजूला मात्र खरी प्रगती झाली. चिकट जेलचे इलेक्ट्रोड वाळतात, कातडी सोलवटतात, तारा गुंततात. कॅनडाच्या अंतराळ संस्थेनं मॉन्ट्रियलच्या एका कंपनीच्या सदऱ्यावरून 'बायो-मॉनिटर' करून घेतला आणि २०१९ च्या सुरुवातीला डेव्हिड सँ-जाक यानं तो स्थानकावर वापरला. तो स्वतः डॉक्टर आहे, हा योग चांगला. सदरा आणि कपाळपट्टी, एवढाच जामानिमा. हृदयाचा आलेख, श्वास, रक्तातला प्राणवायू, कातडीचं तापमान, रक्तदाबाचा अंदाज, हालचाल हे सगळं त्यात टिपलं जातं आणि माणूस आपली कामं करत राहतो. स्थानकावर कपडे धुवायची सोय नाही, मळले की ते कचऱ्याच्या यानातून वातावरणात जाळले जातात, तेव्हा अशा सदऱ्याला सांभाळणं हे वेगळंच काम आहे.

आणि तरीही. स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गाठ असल्याची नोंद २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. ती गाठ सापडली दुसऱ्याच संशोधनासाठी केलेल्या अल्ट्रासाउंडमध्ये. रुग्णाला काहीच त्रास नव्हता. अंगावरच्या कुठल्याही सदऱ्याला ती कळली नसती.

मंगळावर गेलेल्या माणसाचा आकडा पृथ्वीवर पोचायला तीन ते बावीस मिनिटं लागतील, आणि उत्तर यायला तेवढीच. ह्यूस्टननं 'परत फिरा' म्हणायचा काळ तिथं संपतो. वेब यांनी १९७० मध्ये जोडून दाखवलेली गाठ तिथं लागणारच आहे. आजची स्थिती एवढीच की अंतराळ स्थानकाबाहेर पडणाऱ्या अमेरिकी पोशाखात नाडी आपोआप ह्यूस्टनला कळते, आणि पाणी गार करायची कळ छातीवर असते. ती अजूनही हातमोज्यातल्या बोटांनीच फिरवावी लागते.